अजून नऊ घरं, साहेब

गुरुवारी साडेतीनला मी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून, पेटी उघडून बसले होते आणि तालमीला एकही बाई आली नव्हती. चार वाजले. सव्वाचार झाले. समोर आठवी-नववीची सोळा मुलं मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होती. स्नेहसंमेलन अकरा दिवसांवर आलं होतं. मी उगाच भाता हलवून एकदा ‘सा’ वाजवला, जसा काही तो ऐकून डोंगराकडच्या वाडीतून बायका धावत येणार होत्या.

कोणी आलं नाही. मुलांना सोडून दिलं आणि पेटी मिटली.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी संगीत शिक्षिका. शेणव्याच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये माझी सगळी नोकरी झाली. राहायला आसनगावला. आमच्या शेजारपाजारची माणसं सकाळी कल्याणच्या दिशेने जायची, मी उलटी, शहापूरहून एसटी धरून डोंगराकडे. सासूबाई डबा हातात देताना म्हणायच्या, “लोक पगारासाठी मुंबईला जातात आणि ही गाणं म्हणायला जंगलात.” त्या हे रोज म्हणायच्या. मला त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी म्हणाल्या नाहीत तर तब्येत बरी नाही की काय असं वाटायचं.

त्या वर्षी दहावीचा निकाल खाली आला होता. आमचे हेडमास्तर विशे सर. त्यांनी जूनमध्येच मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, “बाई, बसा.” सर बसा म्हणाले की बातमी वाईट असायची. संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरत होतं की पुढच्या जूनपासून संगीताचे पिरियड गणिताला द्यायचे. म्हणजे मी सरप्लस. सरप्लस हा शब्द बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगते. तुमच्या विषयाला पिरियड उरले नाहीत की तुम्ही जादा. मग जिथे जागा असेल तिथे तुम्हाला पाठवतात, ती जागा तालुक्याबाहेर असली तरी तुमचं नशीब. घरी म्हातारी सासू, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. मला खरंच धडकी भरली. आणि दुसरं, मी गेले तर त्या शाळेत परत कोणी पेटी उघडणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

“जानेवारीत संमेलनाला संस्थेचे चिटणीस येणार,” सर म्हणाले. “तोपर्यंत निर्णय कागदावर येत नाही. काहीतरी दणक्यात करून दाखवा. ते नेहमीचं स्वागतगीत नको.”

मी समूहगान बसवायला घेतलं. समूहगान म्हणजे पुष्कळ जणांनी मिळून एका आवाजात गायचं. कोणी एकट्याने उठून दिसायचं नाही, आवाज एकमेकांत मिसळले पाहिजेत. ज्याचा मिसळत नाही त्याला मागच्या रांगेत उभं करायचं. अगदीच नाही जमलं तर त्याला हळूच सांगायचं की तू नुसते ओठ हलव. हसू नका. बहुतेक सगळे शिक्षक हे करतात. मलाही असंच शिकवलेलं होतं आणि मीही ते बिनदिक्कत करत आले होते.

पण आमच्या मुलांचा आवाजच बाहेर निघेना. वर्गात धडा वाचल्यासारखी गायची. शाळेत पाणी भरायला धर्मीबाई यायची. डोंगराच्या पायथ्याची वाडी होती, तिथली. पन्नाशीची, सडपातळ, डोक्यावर हंडा घेऊन चालली तरी मान हलायची नाही. ती पिंप भरताभरता थांबली, ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

“बाई, पोरांला भूक लागली का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, ती गातायत. धर्मी म्हणाली की वाडीवर या एकदा, खळ्यावर या.

मी गेले. भाताची झोडणी उरकली होती आणि सारवलेल्या खळ्यावर बायका ओळीने उभ्या होत्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून. धर्मीने एक ओळ टाकली आणि बाकीच्यांनी ती अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला. आमच्या भाषेत याला झील म्हणतात. पुढच्याने म्हटलेली ओळ मागच्यांनी उचलून धरायची, ती झील. आमच्या मुलांना मी सहा महिने जे शिकवत होते ते या बायका पान-तंबाखू खाताखाता करत होत्या.

गाणं साधं होतं. वाडीच्या वरच्या टोकापासून सुरुवात, पहिलं घर, दुसरं घर, असं खाली ओहोळापर्यंत. प्रत्येक घराची एक ओळ. त्या घरात कोण आहे, यंदा काय पिकलं, कोणाची गाय व्याली, कोण चिडकं, कोण आळशी. त्या घरच्या बाईने आपली ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी झेलायची. तेवीस घरं, तेवीस बायका. ओळींत नावं आलेली काही म्हातारी माणसं कधीच गेली होती, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी फक्त आवाज ऐकत होते आणि मनात संमेलनाचा स्टेज मांडत होते.

बायका तयार झाल्या. लाजल्या, हसल्या, पण तयार झाल्या. दर गुरुवारी शाळेत तालीम ठरली. शाळा त्यांच्या वाडीपासून अर्ध्या तासावर, पण धर्मी सोडली तर त्यांतली एकही बाई आजवर फाटकाच्या आत आली नव्हती. पहिल्या गुरुवारी त्या व्हरांड्याच्या कडेला पायरीवरच बसल्या. मी वर या म्हटलं तेव्हा चपला काढून आल्या.

आणि मग मी माझी अक्कल चालवायला सुरुवात केली.

पहिली अडचण पट्टीची. पट्टी म्हणजे गाणं कुठल्या सुरापासून सुरू करायचं ते. पेटीवरची एक काळी किंवा पांढरी पट्टी धरायची आणि तिला ‘सा’ मानायचं. मी काळी चार दिली. बायका काळी चारला सुरू करायच्या आणि दहाव्या घराशी येईपर्यंत काळी पाचच्याही वर गेलेल्या असायच्या. उत्साह चढला की सूर चढायचा. पेटी बिचारी खालीच राहायची.

दुसरी अडचण बुधीबाई. बुधी म्हणजे ओहोळाजवळचं शेवटचं घर. आवाज खणखणीत, मनापासून गाणारी आणि पूर्ण बेसूर. थोडी बेसूर असती तर मी झाकली असती. ती एका बाजूला आणि बाकीच्या बावीस दुसऱ्या बाजूला, असं ते प्रकरण होतं.

तिसरी अडचण वेळेची. विशे सरांनी मला पाच मिनिटं दिली होती. गाणं वीस मिनिटांचं.

तिसऱ्या गुरुवारी मी तिन्ही अडचणी एका फटक्यात सोडवल्या. एकेकीला पेटीवर गायला लावलं आणि अकरा जणी निवडल्या. उंचीप्रमाणे दोन रांगा केल्या. उरलेल्या बारा जणींना गोड शब्दांत सांगितलं की तुम्ही यंदा समोर बसून ऐका. बारा घरांच्या ओळी कापल्या आणि उरलेल्यांची झीलही एकेकदाच ठेवली. गाणं बरोबर पाच मिनिटांत बसलं, सुरात बसलं, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. बुधीबाईने पायरीवरून चपला उचलल्या आणि चालायला लागली. तिच्यामागे सगळ्या गेल्या. मला वाटलं, उशीर झाला म्हणून घाई करतायत.

पुढच्या गुरुवारी एकही बाई आली नाही, ते सुरुवातीलाच सांगितलं.

धर्मी मात्र रोज पाणी भरायला येत होती. मी तिला विचारलं तर म्हणाली, “कामं हायेत बाई.” दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी कामं हायेत. तिने माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी तिच्यामागोमाग वाडीवर गेले. ती पुढे, मी मागे.

अंगणात तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. वाडीत पाहुण्याचं जे करतात ते सगळं केलं. मी म्हटलं, माझं काय चुकलं ते तरी सांग. पेटीवर गायला लावलं म्हणून राग आला का? तेवढ्यात तीन-चार बायका आल्या, बुधीही आली आणि कुडाला टेकून उभी राहिली.

“राग नाय,” धर्मी म्हणाली. “तुमी शिकलेल्या. आमाला वाटलं, तुमाला ठावं असल.”

“काय ठाऊक असेल?”

धर्मीने बुधीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “आमच्याकडं मयत झाली तर ते घर वरीसभर गाण्यात येत नाय. त्याची ओळ सोडतात. दुसरं कशाला सोडत नाय. बाई, तुमी एका दिसात बारा घरांला सुतक लावलं.”

कोणाचा आवाज चढला नव्हता. कोणी मला दोषही देत नव्हतं. पण त्या बारा जणींतल्या एकीची सून गरोदर होती, त्या घरातली म्हातारी त्या गुरुवारपासून धड जेवत नव्हती. एकीचा मुलगा गुजरातकडे कामाला गेलेला, तिने त्याची खबर काढायला माणूस पाठवला होता. मी पाच मिनिटांत बसवलेलं सुरेल गाणं त्यांना असं ऐकू आलं होतं.

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. बुधीबाई म्हणाली, “रडू नको गो. पयल्यासारखं म्हनू, म्हंजे झालं.”

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता, खळ्यावर तेवीसच्या तेवीस उभ्या राहिल्या आणि वरच्या टोकापासून ओहोळापर्यंत एकही घर न सोडता गाणं म्हटलं. मी पेटी नेली नव्हती. कोणाला ती आठवलीही नाही.

सोमवारी मी विशे सरांकडे गेले.

“सर, पाच मिनिटांत होत नाही. वीस लागतील.”

“बाई, कुठून आणू वीस? अहवालवाचन आहे, बक्षिसं आहेत, चिटणीसांचं भाषण आहे.”

“भाषण थोडं कमी करता येईल का?”

सरांनी चष्मा काढला. “तुम्ही सरप्लस व्हायच्या आधी मला करायचा विचार दिसतोय.”

मी त्यांना सुतकाचं सगळं सांगितलं. सर याच मातीतले, कुणबी घरातले. ते हसले नाहीत. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले आणि मग त्यांनी जो तोडगा काढला त्याला तीस वर्षं नोकरी लागते. कार्यक्रमाची वेळ दहाची. पाहुणे कधीच अकराच्या आत येत नाहीत. तो एक तास दरवर्षी आम्ही मुलांना गप्प बसवण्यात घालवायचो. “तिथे गा,” सर म्हणाले. “पण गाडी आली की थांबायचं. नारळ, हार, स्वागत, ते मोडता येणार नाही.” मी हो म्हटलं.

उरलेल्या दिवसांत आम्ही मुलांना झिलेत घेतलं. ही कल्पना माझी नव्हती, धर्मीची. ती म्हणाली, घरच्या बाईने ओळ म्हटली की आधी त्या घरच्या पोराने झेलायची, मग सगळ्यांनी. पोरांचा आवाज बघा कसा निघतो. आणि खरोखर निघाला. आपल्याच आईने आपल्याच घराची फजिती केल्यावर ती ओळ मोठ्याने ओरडून परत करायला कोणाला आवडत नाही? वाडीतली जेवढी मुलं शाळेत होती तेवढी सगळी आम्ही उभी केली. बाहेरगावची मुलं मागून साथीला. कोणालाही नुसते ओठ हलवायला सांगितलं नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला फार जड गेलं. बुधीबाई गायला लागली की माझा हात आपोआप वर जायचा, तो मी पदरात धरून ठेवायचे.

एक गोष्ट मात्र तालमीत खटकायला लागली. काही घरांची ओळ आली की झेलायला कोणीच नसायचं. त्या घरात पोर होतं, पण ते गुरांमागे किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. ओळ हवेतच राहायची, एक क्षण शांतता, आणि मग बाकीचे उचलायचे. बायका एकमेकींकडे बघायच्या. त्या शांततेत कोण कोण मान खाली घालतं ते सगळ्यांना दिसत होतं.

संमेलनाच्या दिवशी वाडीतली माणसं लोटली. पुरुष, म्हातारे, कडेवरची लहानगी. संमेलनाला वाडी आली, असं त्या शाळेत पहिल्यांदाच होत होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत. स्टेज बाकं जोडून केलेला, त्यावर तेवीस बायका मावणार नव्हत्याच. त्या मैदानातच ओळीने उभ्या राहिल्या, घराच्या क्रमाने, आणि समोर मुलं. सव्वादहाला धर्मीने पहिली ओळ टाकली.

नेमकी त्या वर्षी चिटणीसांची गाडी लवकर आली.

चौदावं घर झालं होतं. जीप फाटकात थांबली, चिटणीस उतरले. निवृत्त माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, वेळेचे पक्के असं ते स्वतःबद्दल सांगायचे. विशे सर हार घेऊन धावले आणि धावताधावता मला हाताने खूण केली, थांबवा. मी धर्मीकडे बघितलं. धर्मीने माझ्याकडे बघितलं. मी सरांना वचन दिलं होतं. पण पंधराव्या घराची बाई तोंड उघडून उभी होती, आणि ती तीच होती जिच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

मी मान हलवली. म्हणजे, चालू द्या.

फाटकात काय झालं ते सरांनी मला नंतर सांगितलं. चिटणीसांनी विचारलं की हे काय चाललंय आणि अजून किती वेळ आहे.

“अजून नऊ घरं, साहेब,” सर म्हणाले.

“घरं?”

सरांनी थोडक्यात सांगितलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हार सरांच्या हातातच राहिला, कारण गाणं चालू असताना वाजंत्र्याशिवाय हार कसा घालायचा हे कोणालाच सुचेना. ते तसेच उभे राहिले. सोळावं घर, सतरावं घर. घरच्या बाईची ओळ, पोराची ओळ, सगळ्यांची ओळ. अठराव्या घराला बाईने ओळ टाकली आणि पुढे ती क्षणभराची शांतता.

“इथे पोराचा आवाज का आला नाही?” चिटणीसांनी विचारलं.

“त्या घरचं पोर पटावर नाही, साहेब.”

पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातात. संस्थेचे लोक पटाशिवाय दुसऱ्या कशाला घाबरत नाहीत. सर सांगतात की नंतरच्या प्रत्येक घराला चिटणीस बोटांवर काहीतरी मोजत होते.

शेवटचं घर बुधीचं. ती नेहमीसारखीच गायली. तिच्या नातीने ओळ झेलली, तीही आजीच्या वळणावर गेलेली. मग सगळ्या वाडीने झेलली, बघायला आलेल्यांनीसुद्धा, आणि गाणं संपलं.

भाषणात चिटणीस गाण्याबद्दल एवढंच म्हणाले की शेवटची बाई सुरात नव्हती आणि पुढच्या वर्षी खुर्च्या जास्त मांडा. मी तेव्हा मनातून खचलेच होते. संध्याकाळी घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, बहुतेक बदली होणार. त्या म्हणाल्या, “मग पेटी न्यायला टेम्पो लागेल,” आणि माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

आठवडाभराने सरांनी बोलावलं. या खेपेला बसा म्हणाले नाहीत, उभ्यानेच सांगितलं. संगीताचे पिरियड एक वर्ष आहेत तसे राहतील. कारण कागदावर लिहिलं होतं, “पालकसंपर्क.” संगीताचा त्या कागदात उल्लेखही नव्हता. मी तो कागद दोनदा वाचला आणि मला हसू फुटलं.

जूनमध्ये ज्या घरांची ओळ हवेत राहायची त्यांतली बरीच मुलं शाळेत आली. सगळी नाही. एक पोरगी आली आणि दिवाळीनंतर पुन्हा गुरांमागे गेली, तिला परत आणायला मला आणि धर्मीला चार खेपा घालाव्या लागल्या. पण पट टिकला, तुकडी टिकली आणि मी टिकले. मी वाडीला गाणं शिकवायला निघाले होते. प्रत्यक्षात वाडीनेच माझी नोकरी वाचवली.

गुरुवार चालूच राहिला. बायका शाळेत यायच्या, गाणं झालं की सरांशी पोरांबद्दल बोलायच्या, दाखले, कागदपत्रं, काय काय. पालकसभा वेगळी घ्यावी लागेनाशी झाली. धर्मीने एक अट घातली होती की आम्ही तुमच्याकडे येतो, तशी तुमची पोरंही आमच्याकडे आली पाहिजेत. वाडीवर बोहाडा व्हायचा, म्हणजे देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव. माणसं कमी पडली म्हणून तो काही वर्षं बंदच होता. आमची गाणारी मुलं तिथे मशाली धरायला, झील धरायला जाऊ लागली. दोघांनी संबळ शिकून घेतला. तिसऱ्या वर्षी बोहाडा पुरा झाला, सगळी सोंगं निघाली. मी गटाला एकच नियम घालून दिला, महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाचं तरी ऐकायला जायचं. गावातलं भजन असो की बाजारातला तमाशा, गाणाऱ्याने दुसऱ्याचा श्रोता व्हायला पाहिजे. त्यामुळे आसपासच्या भजनी मंडळांना समोर बसायला माणसं मिळाली, हेही काही कमी नाही.

मुरबाडच्या एका शाळेतल्या बाईंनी आमच्याबद्दल ऐकलं आणि बोलावलं. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून दोन जीप केल्या. बसताना बायकांनी घराच्या क्रमानेच बसायचा हट्ट धरला. ड्रायव्हर वैतागला, पण एक ते बारा पुढच्या जीपमध्ये आणि तेरा ते तेवीस मागच्या, असंच झालं. मुरबाडच्या बाईंनी त्यांच्या बायकांची टेस्ट घेऊन यादी केलेली होती. मी म्हटलं, यादी फाडा आणि आधी वाडीवर जाऊन पाणी प्या. त्यांना ते पटायला दोन महिने लागले.

दुसऱ्या वर्षी संमेलनाच्या शेवटच्या तालमीला बुधीचं घर झालं आणि मी पदर खोचून उठायला लागले, तर धर्मी म्हणाली, “बसा बाई, एक घर राहिलं.” आणि तिने ओळ टाकली. आसनगावच्या ठेसनाजवळचं घर, घरात म्हातारी, सुनेच्या गाण्याला कंटाळली. चोविसावं घर माझं. सगळ्या हसत होत्या. पुढे मला एक-दोन आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाले, ते कपाटावर आहेत. ही ओळ सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “खोटं काय आहे त्यात?” पण पुढे दर संमेलनाला विचारायच्या, म्हटली का गं ती ओळ?

काही वर्षांनी सासूबाई गेल्या. झोपेतच, त्रास न होता. तेरावं झालं, मी शाळेत रुजू झाले आणि गुरुवारी नेहमीसारखी रांगेत उभी राहिले. धर्मीने हळूच माझा हात धरून मला पायरीवर बसवलं.

“बाई, तुमचं घर औंदा गाण्यात नाय.”

मी संगीत शिक्षिका, गटाची प्रमुख, आणि वर्षभर पायरीवर. बुधीच्या पलीकडे, मुलांची रांग सुरू होण्याआधी, एका माणसाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. नवे हेडमास्तर फोटोसाठी म्हणाले की जरा जवळ सरका, मधे फट दिसते. कोणी सरकलं नाही. पहिले काही गुरुवार मला फार जड गेले. घरात डबा हातात देऊन टोमणा मारणारं कोणी नव्हतं आणि इथे गाता येत नव्हतं. मग हळूहळू मी ऐकायला लागले. इतकी वर्षं मी चुका पकडायला कान लावत होते, गाणं असं ऐकलंच नव्हतं. माझ्याशिवाय ते छान चाललं होतं, हेही कळलं. जरा लागलं मनाला, पण बरं वाटलं.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या गुरुवारी धर्मी म्हणाली, या. मी रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिले. पायरीवरून उठताना मी तिला म्हटलं होतं की आता ती म्हातारीची ओळ बदलावी लागेल. ती म्हणाली, “कशाला? घर वरीसभर थांबतं. मानूस गाण्यातनं जात नाय.”

आता मी निवृत्त आहे. समूहगान बसवणारी नवी मुलं-मुली कधी सल्ला विचारायला येतात. पट्टी, श्वास, उभं राहणं, हे सगळं ती माझ्यापेक्षा जास्त शिकून आलेली असतात. मी त्यांना एकच सांगते, कोणाला काढायच्या आधी ती कुठल्या घरची आहे ते विचारून घ्या. त्यांना वाटतं, बाईंचं वय झालं.

वर्षश्राद्धानंतरच्या त्या गुरुवारी तेवीस घरं झाली. बुधीबाई माझ्या डाव्या कानाशी, सुरापासून नेहमीइतकीच लांब. मग मी माझी ओळ म्हटली, घरात म्हातारी, सुनेच्या गाण्याला कंटाळली. माझ्या घरचं पोर त्या शाळेत कधीच नव्हतं, म्हणून ती ओळ एरवी सगळेच एकदम झेलायचे, आधी कोणी झेलायची हे ठरलेलं नव्हतं. क्षणभर शांत झालं. मग बुधीने झेलली, एकटीने, मोठ्याने आणि पूर्ण बेसूर.